पटांगण गेले, मंडळ उरले

आपल्या मंडळाचा इतिहास लिहायचा तर तो जागेपासून सुरू करावा लागतो. मंडळाला नाव नंतर मिळाले, घटना त्यानंतर लिहिली गेली आणि नोंदणी तर बऱ्याच उशिरा झाली. त्या सगळ्याच्या आधी पटांगण होते. लालबाग-परळच्या हद्दीवर चार चाळी एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध मातीची मोकळी जागा होती. एका कडेला नळ आणि धुण्याचे दगड, दुसऱ्या कडेला मारुतीचे लहानसे देऊळ, देवळाला लागून पिंपळ. कबड्डीचे मैदान आखले की चारही बाजूंना माणसे मांडीला मांडी लावून बसतील एवढीच जागा उरायची. बाकीचे प्रेक्षक गॅलरीत. मंडळाने जिंकलेले चषक, नावारूपाला आलेले खेळाडू, देणगीदार यांच्या याद्या या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत इतरत्र आहेत. मला इथे त्या जागेबद्दल लिहायचे आहे. नव्या इमारतीत वाढणाऱ्या मुलांनी ती पाहिलेली नाही, आणि आसपासच्या ज्या वाड्यांमध्ये अशी जागा अजून शिल्लक आहे त्यांच्याकडे आता फार वेळ नाही.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी स्थापन झाली १८५४ मध्ये, गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये. पुढे परळ, लालबाग, शिवडी, वरळी, लोअर परळ हा सारा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. मालवण, देवगड, राजापूर, संगमेश्वर, गुहागर इकडून कोकणी माणूस आला. पाटण, सातारा, सांगली, कोल्हापूरकडून घाटावरचा आला. बायकामुले गावी आणि इथे एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा गडी. गिरणी तिन्ही पाळ्यांत चालायची, त्यामुळे वळकट्या उलगडायच्या आणि गुंडाळायच्या त्याही पाळीप्रमाणे. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन पडला की बाकीच्यांनी बाहेर पडायचे, असा अलिखित नियम होता. मग जायचे कुठे? नाक्यावर, खाणावळीच्या ओट्यावर, नाहीतर पटांगणात. गिरणगावात एवढी मंडळे का निघाली, याचे उत्तर या खोलीच्या मापात आहे.

हे ओळखणारी माणसे लवकर पुढे आली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्विस लीग सुरू केली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये, खेळ, करमणुकीचे कार्यक्रम नेले. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये उभे राहिले ते त्याच कामातून. चिंचपोकळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा. लालबागच्या राजाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक असायला हवी. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला, तिथे बसणारे कोळी आणि छोटे व्यापारी उघड्यावर आले, त्यांनी बाजाराला कायमची जागा मिळू दे म्हणून नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. आज ज्याच्या दर्शनासाठी देशभरातून रांग लागते त्या उत्सवाची मुळे हक्काच्या जागेसाठी बोललेल्या नवसात आहेत. पुढे १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आला आणि वस्त्यांमध्ये कामगार कल्याण केंद्रे उघडली. आपल्यासारखी वाडीतली मंडळे मात्र कुणी उघडून दिली नाहीत. ती लोकांनी आपली आपण उभी केली.

आपले मंडळ स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत सुरू झाले ते आखाड्यापासून. साच्यावर काम करणारे घाटावरचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांनी देवळामागच्या कोपऱ्यात हौदा खणवला, गावाकडून लाल माती आणवली, तिच्यात तेल, ताक, हळद, कापूर घालून ती मळवून घेतली. वाडीतली पोरे पहाटे तिथे उतरू लागली. वर्षभरात शेजारच्या तळमजल्यावरची खोली घरमालकांनी व्यायामशाळेसाठी नाममात्र भाड्याने दिली. डबलबार, सिंगलबार, मुद्गल, वजने आली. पटांगणाच्या कडेला मल्लखांब पुरला. ती खोली आणि तिची मंडळाच्या नावे फाटलेली भाडेपावती, या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. पुढे फार मोठा फरक या पावतीने पडला आहे.

कुस्तीवाले घाटावरचे, पण कबड्डी दोघांची. कोकणातली मुले हुतूतू खेळतच मोठी झालेली असत. दमाला दम देत खेळायचा हा खेळ एव्हाना नियमांत बसला होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो जगाला दाखवून झाला होता. मुंबईत पुढे शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या माणसाने त्याच्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. पण बुवांसारख्यांच्या हाताशी खेळाडू यायचे ते वाडीवाडीतून. पुरुषांच्या कबड्डीला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मैदान लागते, महिलांच्या कबड्डीला १२ बाय ८. म्हणजे जास्तीत जास्त १३० चौरस मीटर, सुमारे १४०० चौरस फूट. ना बॅट, ना जाळी, ना बूट. गिरणी कामगाराच्या मुलाला परवडेल असा हा खेळ होता, आणि चाळीच्या पटांगणात मावेल असाही.

मैदान मात्र आपोआप तयार होत नसे. पावसाळा संपला की पटांगणाची माती कुदळीने भुसभुशीत करायची, चाळणीने चाळायची, खडा न् खडा वेचायचा. नळाला पाणी यायच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे शिंपण्यासाठी आदल्या दिवशीच पिंपे भरून ठेवावी लागत. हे काम लहान पोरांचे. ज्याने माती चाळली नाही त्याला संघात घेत नसत, मग तो कितीही चपळ असो. संध्याकाळी फक्कीने रेषा मारायच्या: मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. पहिली पाळी सुटली की थोरले खेळाडू चहा घेऊन थेट मैदानात. ते येईपर्यंत किशोर गट, ते आले की कुमारांनी बाजूला बसून बघायचे, आणि रात्री दुसरी पाळी सुटल्यावर येणारे काही जण पिवळ्या दिव्याखाली तासभर सराव करून मगच जेवायचे. एका मैदानावर तीन पिढ्या अशा रोज एकमेकींसमोर यायच्या. डाव्या कोपऱ्याने घोटा कसा धरायचा, साखळी कधी सोडायची, चढाईपटू बोनसला झुकला की मध्यरक्षकाने किती पावले सरकायचे, हे आम्हाला कुणी फळ्यावर शिकवलेले नाही. बघून आले. प्रशिक्षकाला मानधन देण्याचा प्रश्न मंडळापुढे तेव्हा कधी आलाच नाही, त्याचे कारण हेच.

खेळाने पोटही भरले. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते आणि चांगला पकडीचा खेळाडू असला की खात्यात चिकटवून घेत. नंतर रेल्वे, बँका, पोलीस, बेस्ट, मोठ्या कंपन्या. आपल्या वाडीतल्या कितीतरी घरांत पहिली पगाराची, पेन्शनची नोकरी कबड्डीमुळे आली. नरेपार्क, श्रमिक जिमखाना, काळाचौकीचे शहीद भगतसिंग मैदान इथल्या प्रकाशझोतातल्या स्पर्धांना आपला संघ निघाला की वाडीतून एक अख्खी फौज निघायची, आणि जिंकून आला की बायका ओवाळायला खाली उतरायच्या.

मुलींच्या संघाबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितो. तो सुरू करायला मंडळाला कुणाची समजूत घालावी लागली नाही, याचे श्रेय गॅलरीला आहे. चारही चाळींच्या गॅलऱ्या पटांगणाकडे उघडायच्या. तांदूळ निवडता निवडता, वाळत घातलेले कपडे काढता काढता चाळीस-पन्नास बायकांचे लक्ष खाली असायचे. मुलगी रात्री आठपर्यंत सराव करते आहे म्हणजे नेमकी कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे घरातून दिसत होते. वरून आई ओरडायची, “अगं, गुडघा फुटलाय, हळद लावून जा आधी!” आणि ती धावत वर जाऊन पाच मिनिटांत परत मैदानात. आपल्या मंडळाच्या मुली जिल्हा संघापर्यंत गेल्या त्या या देखरेखीच्या बळावर. मुलींनी खेळावे म्हणून पुढे सरकारी योजना आल्या, बक्षिसे वाढली, मालिका टीव्हीवर आल्या. पण गॅलरीचे काम करणारी दुसरी सोय आजवर कुणी उभी केलेली नाही.

पटांगण खेळापुरते नव्हते. व्यायामशाळेच्या खोलीत संध्याकाळी वाचनालय चाले. लोकसत्ता, नवशक्ती, नवाकाळ, १९५६ नंतर अत्र्यांचा मराठा. एका वर्तमानपत्राची चार पाने चौघांकडे असायची आणि ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारचा वाचून दाखवायचा. आकाशवाणीवरची ‘कामगार सभा’ ऐकायला रेडिओ खिडकीत ठेवत. शिमग्याला संगमेश्वरकडचे नमन, श्रावणात जाखडी, सिंधुदुर्गवाल्यांचा दशावतार, घाटावरच्यांचे भारूड आणि वग. प्रत्येकाची हौस त्याच मातीवर भागायची. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले, तेव्हापासून गिरणगावात शाहिरी रुजलीच होती. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात आपल्या पटांगणातही डफ वाजला. मंडळाच्या नाट्यशाखेने कामगार नाट्यस्पर्धांत भाग घेतला, दामोदरला प्रयोग केले. तालमी मात्र सगळ्या पटांगणात, गॅलरीतल्या प्रेक्षकांसमोर, त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी कुणाला सभाधीटपणा शिकवावा लागला नाही. गणपतीत पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत, पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. लग्ने झाली, बारावे-तेरावे झाले, संपाच्या सभा झाल्या. मे महिन्यात पोरांची लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस. कॅरमचे दोन बोर्ड रात्री उशिरापर्यंत चालायचे.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. या संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. मंडळापुरते सांगायचे तर वर्गणी थांबली आणि पटांगण भरले. सकाळपासून माणसे बसून असायची. संघातले काही खेळाडू गावी गेले ते परतले नाहीत. काही मुले चुकीच्या माणसांच्या नादाला लागली. गिरणगावात त्या काळात हे घराघरांत घडले. व्यायामशाळेचे दार आणि कबड्डीची फक्की त्या वर्षांत एकही दिवस चुकली नाही, हे त्या वेळच्या कार्यकर्त्यांचे सर्वांत मोठे काम, असे माझे मत आहे. किती पोरे त्यामुळे वाचली याची नोंद कोणत्याच चषकावर नाही.

गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले हे माहीत असल्याशिवाय आपल्या पटांगणाचे काय झाले ते समजणार नाही. मुंबईच्या मध्यभागी गिरण्यांची जवळपास ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिचे साधारण तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. हा नियम जसाच्या तसा अमलात आला असता तर लालबाग-परळला इतकी मैदाने मिळाली असती की वाडीतल्या पटांगणांवाचून कदाचित अडले नसते. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणीसाठी फक्त मोकळी जमीन धरायची, ज्या जमिनीवर शेड उभ्या आहेत ती धरायची नाही, असे ठरले. गिरणी म्हणजे शेडच शेड. मोकळी जमीन अशी उरतेच किती? लोक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. मैदानांचा मोठा वाटा तिथे गेला. फिनिक्समध्ये मॉल झाला, ज्युपिटरवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, श्रीनिवास मिलच्या जागी उंच निवासी टॉवर आले. जमिनीचा भाव चढला आणि विकासकांची नजर गिरण्यांकडून चाळींकडे वळली.

चाळींच्या पुनर्विकासाचा मार्ग म्हणजे उपकरप्राप्त इमारतींसाठीचा ३३(७) हा नियम. तेव्हा सत्तर टक्के भाडेकरूंनी संमती दिली की काम पुढे जायचे. प्रत्येक भाडेकरूला घराच्या बदल्यात घर. किमान क्षेत्रफळ आधी २२५ चौरस फूट, पुढे ३००. दुकानदाराला, संस्थेला तिच्या जागेएवढी जागा. या हिशेबात कुणाचाही हक्क सुटू नये अशी काळजी घेतलेली आहे आणि ती योग्यच आहे. वडिलांच्या पिढीने सामायिक संडासापुढे रांगा लावून आयुष्य काढले. त्यांच्या मुलांना, सुनांना स्वतःच्या घरात स्वतःचा संडास मिळाला याचा आनंद मंडळातल्या प्रत्येकाला आहे. पावसाळ्यात टेकू लावलेल्या चाळीत झोपणे काय असते हे आम्ही पाहिले आहे. पुनर्विकास नको असे आपल्या वाडीत कुणीही म्हटले नाही, आजही म्हणत नाही.

पण हा सगळा हिशेब भाडेपावतीवर चालतो. मंडळाच्या खोलीची पावती होती, म्हणून खोलीच्या बदल्यात खोली मिळाली. पटांगणाची पावती कुणाच्याच नावावर नव्हती. ते सगळ्यांचे होते, म्हणून कागदावर कुणाचे नव्हते. विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून त्यावर आरक्षण नव्हते, कारण ती खासगी मालमत्तेतली जागा. १४०० चौरस फुटांत ३०० फुटांची पाच घरेही बसत नाहीत. एवढ्याशा जागेचे मोल मागायला वाडीतल्या शेकडो माणसांपैकी एकालाही कायद्याने उभे राहता आले नाही.

त्यात आपल्या वाडीची आणखी एक अडचण. दोन चाळी एका घरमालकाच्या, दोन दुसऱ्याच्या, आणि दोघांची हद्द पटांगणाच्या मधून जात होती. आम्हाला ती हद्द कधी दिसली नव्हती. मैदानाची मध्यरेषा तेवढी ठाऊक होती. दोन्ही भूखंड वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या विकासकांकडे गेले. एक हजार चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडण्याची सक्ती नाही. त्याहून मोठा असेल तर १५ टक्क्यांपासून पुढे. दोन्ही भूखंड एकत्र धरले असते तर अट लागू झाली असती. वेगळे केल्यावर दोघेही मर्यादेच्या आत राहिले. वाडीचे रहिवासी संक्रमण शिबिरात जायला निघाले त्याच आठवड्यात पटांगणाच्या मधोमध निळे पत्रे उभे राहिले. शेवटचा सराव पत्र्यांच्या अलीकडच्या अर्ध्या मैदानावर झाला.

संक्रमण शिबिरात मंडळ टिकवणे कठीण गेले. कुणी धारावीच्या बाजूला, कुणी सायनला, कुणी भाडे घेऊन डोंबिवली-बदलापूरला. दर गुरुवारी भजनाला जमायचे ठरवले, ते पाळले. खेळ मात्र थांबला. त्या वर्षांत जी मुले दहा-बारा वर्षांची होती त्यांच्यात आज एकही कबड्डीपटू नाही. संघांच्या याद्या पाहिल्या तर तिथे एक पिढी कोरी दिसेल.

नव्या इमारतीत आलो तेव्हा मंडळाची खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. खोली चांगली आहे, उजेडाची आहे. पण वरच्या मजल्यावर वजने टाकता येत नाहीत, खालच्या घरात हादरे बसतात. साहजिकच तक्रारी आल्या. पुरलेला मल्लखांब मातीशिवाय उभा राहत नाही. तो अजून पॅसेजमध्ये आडवा ठेवलेला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याने जाताना एकदा पाहावा. इमारतीभोवती जी मोकळी जागा दिसते ती अग्निशमन दलाच्या गाडीसाठी सोडलेली आहे आणि ती मोकळीच ठेवली पाहिजे, यात दुमत नाही. उरलेल्या जागेत गाड्या. शेजारच्या विक्रीच्या इमारतीत क्लब हाउस आहे, पोहण्याचा तलाव आहे. ती सोय त्या इमारतीच्या रहिवाशांची. पोडियमवर गुळगुळीत फरशी बसवली आहे. तिथे कबड्डीची एक पकड झाली की दोघांचे कोपर फुटतील.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. मुंबईतल्याच एका प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले की मनोरंजनासाठी सोडायची किमान जागा जमिनीवर, आकाशाखाली असली पाहिजे. पोडियमवरची जागा तिच्याऐवजी चालणार नाही. मुलांना माती लागते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, याचे मला फार अप्रूप वाटले होते. पण ज्या लहान भूखंडांना अटच लागू नाही त्यांना हा निकाल कुठून पोचणार? गिरणगावातल्या बहुतेक वाड्या अशाच लहान तुकड्यांच्या आहेत.

आज मंडळ काय करते, हे याच अंकातल्या कार्यवृत्तात आहे. शालोपयोगी वस्तूंचे वाटप, रक्तदान, गणेशोत्सव, भजन, ज्येष्ठांची तपासणी. संघ आहे, पण सरावाला परगावी जावे तसे जावे लागते: कधी महापालिकेच्या मैदानात वेळ मिळेल तेव्हा, कधी वडाळ्याला, कधी कामगार क्रीडा भवनात भाडे भरून. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळ मॅटवर गेला. मॅट पसरायला छप्पर लागते, छपराला भाडे लागते. मोठी मुले लोकल पकडून जातात. दहा वर्षांच्या मुलाला कोण पाठवणार? आणि मुली? मुलींचा संघ नव्या इमारतीत आल्यावर दोन हंगाम कसाबसा चालला आणि बंद पडला. सातच्या सरावाला दोन किलोमीटर जायचे आणि रात्री परत यायचे, याला घरचे तयार होईनात. त्यांना दोष देता येत नाही. खालचे दिसत होते तोवर त्यांनीच मुलींना खाली पाठवले होते.

आजूबाजूलाही तेच चालले आहे. हिंदमाता, गणेश ही नावे सांगितली तर नव्या मुलांना ती थिएटरे होती हे सांगावे लागते. दामोदर नाट्यगृह शंभरी पार करून नोव्हेंबर २०२३ पासून पुनर्विकासासाठी बंद झाले. कोकणातल्या नमन मंडळांपासून कामगार नाट्यसंस्थांपर्यंत सगळ्यांनी तेव्हा आवाज उठवला, कारण परवडणारे असे दुसरे रंगमंच परळमध्ये फारसे नाहीत. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या १९५ चाळींच्या मध्ये जेवढी मोकळी जागा सोडली होती तेवढी आज कुणी सोडत नाही. तिथल्या मंडळांनी जांबोरी मैदानासारख्या जागा डोळ्यांत तेल घालून जपाव्यात.

ज्या वाड्यांचा करार अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी आपल्या अनुभवातून काही ठोस गोष्टी सांगतो. संमतीपत्रावर सह्या होण्याआधी मंडळाने सर्वसाधारण सभा घ्यावी आणि पटांगणाचे माप काढून नकाशावर दाखवावे. शेजारच्या भूखंडावरही पुनर्विकास होणार असेल तर दोन्ही वाड्यांनी एकत्र बसावे, एकच आराखडा मागावा. वेगवेगळे गेलात की मोकळ्या जागेची अटच उरत नाही. १३ बाय १० मीटरची मातीची जागा जमिनीवर, छपराविना, कायम सामायिक वापरासाठी राहील, असे करारात आणि मंजूर नकाशात दोन्हीकडे लिहून घ्यावे. नुसत्या तोंडी शब्दावर किंवा माहितीपत्रकातल्या चित्रावर थांबू नये. व्यायामशाळेची खोली तळमजल्यावर मागावी. भाडेपावती मंडळाच्या नावावर नसेल तर आजच ती करून घ्यावी. आणि पुनर्वसनाची व विक्रीची इमारत एकाच आवारात येणार असेल तर मोकळ्या जागेचा वापर दोन्हीकडच्या मुलांना खुला राहील, हे वाक्य करारातून गळू देऊ नये.

मंडळाने या कामासाठी एक समिती नेमली आहे. आपल्या वाडीचा करार आणि नकाशे तिच्याकडे आहेत, वकिलांनी तपासलेला पटांगणाच्या कलमाचा मसुदाही तयार आहे. लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी, नायगाव इथल्या कोणत्याही मंडळाने तो विनामूल्य न्यावा. रविवारी सकाळी मंडळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कार्यकर्ते असतात. सह्या होण्याआधी या.